यंत्र घेऊन शिबिराला जाताना
नवउद्योजकांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

नगरजवळच्या नागापूरच्या एमआयडीसीत तुमचा एखादा भाड्याचा गाळा असेल, गाळ्यात सोल्डरिंगची दोन टेबलं असतील आणि टेबलावर स्वतःच्या डोक्यानं बनवलेलं एखादं यंत्र असेल, तर आज ना उद्या चहाच्या टपरीवर तुम्हाला कोणीतरी सांगणारच, "इथं बसून काय होणार? साहेबांच्या कानावर घाला."

सल्ला बरोबर आहे. अडचण एवढीच, की साहेबांचे कान एरवी मोबाइलला लागलेले असतात. ते मोकळे सापडतात वर्षातून एखाद-दोन दिवस, पक्षाच्या शिबिरात. तिथं यंत्र घेऊन कसं जावं, कुठं उभं राहावं, काय बोलावं आणि मुख्य म्हणजे काय बोलू नये, हे कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. म्हणून ही मार्गदर्शिका. लेखकाची पात्रता आधीच सांगून टाकतो: एक यंत्र, एक शिबिर, एक विक्री.

आमचं यंत्र म्हणजे विहिरीवरच्या मोटारीचा मोबाइल स्टार्टर. शेतीची लाइट काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्री दोनला थ्री फेज आली की शेतकऱ्यानं उठायचं, बॅटरी घ्यायची, उसाच्या कडेकडेनं जायचं आणि उसात बिबट्या नसेल असं मनाशी म्हणत बटण दाबायचं. आमच्या यंत्रात सिमकार्ड आहे. लाइट आली की फोन वाजतो, अंथरुणातून मोटार चालू करता येते. आता बाजारात साधे ऑटो स्विच मिळतात, पण लाइट आली रे आली की ते शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम उठवतात, डीपीवर ताण येतो आणि डीपी जळते. म्हणून महावितरण ते काढून टाकायला सांगतं. आमचं यंत्र प्रत्येक मोटारीला थोडं थोडं थांबवून, पाळीपाळीनं उठवतं. यातली खरी अक्कल काय असेल तर ही. हे वाक्य नीट पाठ करा, कारण शिबिरात ते बोलायची वेळ येणार नाही.

पायरी १ : आपलं गाव ओळखा

नागापुरात स्टार्टर म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. एल अँड टीचा स्विचगिअरचा कारखाना इथलाच. त्या धंद्याची मालकी २०२० साली श्नायडरकडे गेली, पण शेतकरी दुकानात जाऊन अजूनही 'एलएनटीचा स्टार्टर'च मागतो. एकदा जिभेवर बसलेलं नाव करारपत्रानं उतरत नाही. हा धडा पुढं उपयोगी पडेल.

नागापूरला आयटीही नवी नाही. इथल्या एमआयडीसीत आयटी पार्कची इमारत उभी राहिली आणि वर्षानुवर्षं नुसती उभीच राहिली. संगणक आत जायच्या आधी तिचं नाव भाषणांत जाऊन आलं. यावरून नवशिक्यानं एवढंच शिकावं, की राजकारणात तंत्रज्ञानाला जागा आहे. ती रिकामी असते इतकंच.

पायरी २ : स्थळ आणि काळ

आपल्या जिल्ह्याला देवानं दोन गोष्टी भरभरून दिल्या आहेत, साखर कारखाने आणि शिर्डी. राज्यातला पक्ष कोणताही असो, त्याला आत्मचिंतन करायचं झालं की तो शिर्डीला येतो. यादीच पाहा. २०२२च्या जूनमध्ये काँग्रेसची नवसंकल्प कार्यशाळा शिर्डीत. त्याच वर्षी नोव्हेंबरात राष्ट्रवादीचं मंथन शिबिर शिर्डीत. पुढं राष्ट्रवादीचे दोन भाग झाले, तर २०२४च्या जानेवारीत शरद पवार गटाचं शिबिर शिर्डीत आणि २०२५च्या जानेवारीत अजित पवार गटाचंही शिर्डीतच. त्याच्या आधीच्या आठवड्यात, १२ जानेवारीला, भाजपचं प्रदेश अधिवेशन शिर्डीत. पक्ष फुटतात, चिन्हं बदलतात, शिबिराचा पत्ता बदलत नाही.

कारणं व्यावहारिक आहेत. हॉटेलं भरपूर, जेवण शाकाहारी आणि पटकन होणारं, शेजारच्या काकडी गावाला २०१७पासून विमानतळ, आणि एखादा ठराव अंगाशी आलाच तर दर्शनाला जवळच मंदिर. तुमच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे, की नागापूरहून शिर्डी पाऊणशे-ऐंशी किलोमीटर. मुंबईच्या कंपनीला विमानानं यावं लागतं. तुम्ही टेम्पोत यंत्र टाकून विळद, राहुरी, कोल्हार, बाभळेश्वर, राहाता करत सकाळच्या नाष्ट्याला पोहोचता. यंत्राला मात्र गादी बांधा. नगर-मनमाड रस्ता हा राज्यातल्या कोणत्याही प्रयोगशाळेपेक्षा कडक कंपन-चाचणी घेतो. तिथून सुखरूप पोहोचलेल्या यंत्राला वेगळ्या प्रमाणपत्राची गरज नाही.

पायरी ३ : पूर्वसूरींचा अभ्यास

पक्षाच्या मंडपात यंत्र नेणारे तुम्ही पहिले नाही. काँग्रेसच्या अधिवेशनाला जोडून औद्योगिक प्रदर्शन भरवायची सुरुवात १९०१ साली कलकत्त्यात झाली. १९३६ साली आपल्या खानदेशात, फैजपूरला, काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं, तेव्हा नंदलाल बोसांनी बांबूच्या कामानं मंडप सजवला होता आणि शेजारी ग्रामोद्योगांचं प्रदर्शन होतं. म्हणजे पुढाऱ्याला स्टॉलवरून फिरवणं ही आपली जुनी परंपरा आहे. फक्त तेव्हा चरखा दाखवत, आता ड्रोन दाखवतात. हातानं फिरवून बघायची पुढाऱ्याची हौस तीच.

पण या सगळ्यांचे आद्यगुरू म्हणजे 'शिकागो रेडिओ'. नाव अमेरिकेचं, कंपनी सिंधमधल्या मोटवानी घराण्याची, आणि पुढं तिचा कारखाना नाशिकला आला. १९३०च्या दशकात काँग्रेसच्या अधिवेशनांना लाउडस्पीकर पुरवले ते नानिक मोटवानींनी. त्या काळातले गांधी-नेहरूंचे फोटो काढून बघा. वक्त्याच्या तोंडापुढं माइक आहे आणि माइकच्या पट्टीवर 'शिकागो रेडिओ' ही अक्षरं आहेत. पुढाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर कंपनीचं नाव! यापेक्षा मोक्याची जागा जाहिरातीच्या इतिहासात कोणाला मिळालेली नाही.

आणि हा नुसता धंदा नव्हता, हेही लक्षात ठेवा. १९४२ साली उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. तो पकडला गेला तेव्हा खटल्यातल्या आरोपींत मोटवानीही होते. पुढं ते निर्दोष सुटले. पुढाऱ्याच्या जवळ उभं राहण्याची किंमत काही वेळा अशीही मोजावी लागे. आजकाल ती जीएसटीसह मोजतात.

परदेशातही पद्धत हीच आहे, फक्त चहाऐवजी वाइन असते. ब्रिटनमध्ये दर शरद ऋतूत लिव्हरपूल, मँचेस्टर, बर्मिंगहॅम अशा शहरांत पक्षांची अधिवेशनं भरतात. मोठमोठ्या तंत्रज्ञान कंपन्या पैसे मोजून स्टॉल घेतात, आजूबाजूच्या हॉटेलांत परिसंवाद ठेवतात, आणि उद्योगांसाठी राखून ठेवलेल्या दिवसाचं तिकीट हजारो पौंडांचं असतं. आपल्याकडं तिकीट नाही. आपल्याकडं 'साहेबांशी बोलणं झालंय' एवढं वाक्य लागतं. ते कोणत्या साहेबांशी, हे गेटवर विचारत नाहीत.

पायरी ४ : साहित्य

यंत्र एक. मोटार नेता येत नाही, म्हणून मोटारीच्या जागी शंभर वॅटचा बल्ब. एक्स्टेन्शन बोर्ड स्वतःचा, कारण मंडपवाल्याच्या बोर्डावर चाळीस मोबाइल आधीच चार्जिंगला असतात. शाल एक, श्रीफळ एक. 'बुके नको, बुक द्या' असं निमंत्रणावर छापलेलं असलं तरी दोन्ही न्या. फ्लेक्स एक. त्यावर साहेबांचा फोटो मोठा, जिल्हाध्यक्षांचा मध्यम, तालुकाध्यक्षाचा छोटा, यंत्राचा जमल्यास. निवेदनाच्या प्रती पाच. व्हिजिटिंग कार्डं पन्नास. ती ज्यांना द्यायची त्यांना न मिळता ज्यांना नोकरी हवी आहे त्यांना मिळतात. आणि एक माणूस. तो कशाला, ते सातव्या पायरीत येईल.

पायरी ५ : शब्दार्थ

शिबिराची भाषा मराठीच असते, पण शब्दकोश वेगळा. सरावासाठी काही शब्द:

'मेळावा' म्हणजे माणसं जेवून येतात. 'शिबिर' म्हणजे माणसं तिथं जेवतात. 'अधिवेशन' म्हणजे जेवणाचे पासही रंगाप्रमाणे वेगळे असतात.

'बघतो' म्हणजे बघून झालं. 'लक्ष घालतो' म्हणजे पीएला सांगतो. 'मार्गी लावू' म्हणजे रस्ता अजून सापडलेला नाही. 'आम्ही सकारात्मक आहोत' हे ऐकलं की यंत्र गुंडाळायला घ्या. 'मुंबईला या' म्हणजे इथं नको. 'मुंबईला या, पण आधी फोन करा' म्हणजे तिथंही नको.

'पायलट प्रोजेक्ट' म्हणजे फुकट. 'मोठ्या प्रमाणावर पायलट प्रोजेक्ट' म्हणजे मोठ्या प्रमाणावर फुकट.

'हा आपला माणूस आहे' हे वाक्य तुमच्या खांद्यावर हात ठेवून कोणी उच्चारलं, तर खूश व्हा, पण खिसा चाचपा.

पायरी ६ : शेजार

स्टॉलची जागा मागताना शेजार बघून घ्या. आम्ही चहाच्या काउंटरजवळची जागा मागितली, गर्दी असते म्हणून. गर्दी होतीच, पण चहाच्या बाजूला तोंड करून.

आमच्या डाव्या हाताला मतदार यादीचं अ‍ॅप विकणारा मुलगा होता. लॅपटॉप एक, टॅब दोन, बाकी काही नाही. पण त्याच्यापुढं जी रांग लागली होती, ती प्रसादालयातसुद्धा पाहिली नव्हती. त्याचं काम सोपं होतं. येणारा माणूस प्रभाग सांगे, तो बोट फिरवे, आणि पडद्यावर यादी येई: आडनावाप्रमाणे, गल्लीप्रमाणे, वयाप्रमाणे, एका घरात किती मतं याप्रमाणे. वाढदिवसाचा मेसेज साहेबांच्या आवाजात आपोआप जाणार. "मयत वेगळे काढता येतात का?" असं एकानं विचारलं. "येतात," मुलगा म्हणाला. "आणि ठेवता?" तो नुसता हसला.

नगरकरांना या रांगेचं नवल वाटायला नको. आपल्या महापालिकेची निवडणूक २०१८च्या डिसेंबरात झाली आणि त्यानंतरची थेट २०२६च्या जानेवारीत. मधली काही वर्षं नगरसेवक नव्हते, पण इच्छुक होते. इच्छुकाला यादी लागते. कायदा म्हणाल तर माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ सालीच संसदेत मंजूर झालाय. त्या रांगेत त्याचं नाव कोणी काढलं नाही; तो बहुधा यादीत नव्हता.

दुपारपर्यंत मुलानं सात ऑर्डरी घेतल्या. जाता जाता तो मला म्हणाला, "काका, तुमचं यंत्र चांगलंय. पण ते पाणी मोजतं. इथं माणसं मोजतात." नवशिक्यांनी हे वाक्य वहीत लिहून ठेवावं. शिकागो रेडिओच्या माइकपासून या टॅबपर्यंत मंडपात जे जे यंत्र खपलं, ते पुढाऱ्याचा आवाज लांब नेणारं किंवा पुढचं डोकं मोजणारं होतं. यंत्र कामाचं आहे का, हे शिबिरात कोणी विचारत नाही. ते कोणाच्या कामाचं आहे, हे विचारतात.

पायरी ७ : प्रात्यक्षिक

साहेब स्टॉलपाशी येतात तेव्हा एकटे येत नाहीत. पुढं कॅमेरेवाला उलटा चालत येतो, मागं तीसेक माणसं सुलट. तुमच्या वाट्याला चाळीस सेकंद येतात. त्यातली दहा शाल घालण्यात जातात, पाच नारळ कोणी धरायचा यात. उरलेल्या पंचवीस सेकंदांत प्रात्यक्षिक.

आता महत्त्वाचं. तुमचं यंत्र मोबाइल नेटवर्कवर चालत असेल तर ते मंडपात चालणार नाही. हजारो फोन एका टॉवरला चिकटलेले असतात. फोन लागत नाही, मेसेज जात नाही. नागापुरात शंभर वेळा पेटलेला बल्ब शिर्डीत पेटत नाही. यासाठी ते साहित्यातलं शेवटचं कलम: एक माणूस. तो स्टॉलच्या पडद्याआड साध्या बटणाजवळ बसतो. साहेब मोबाइलवर बोट ठेवतात, तुम्ही खोकता, तो बटण दाबतो. बल्ब पेटतो. टाळ्या पडतात. आमचा माणूस म्हणजे माझा मेहुणा. त्यानं मी खोकायच्या आधीच बटण दाबलं. साहेबांचं बोट अजून हवेत होतं. कोणाच्या लक्षात आलं नाही. उलट मागून एक जण म्हणाला, "बघा, साहेबांनी नुसतं मनात आणलं!"

मग साहेबांनी तो प्रश्न विचारला जो हल्ली सगळेच विचारतात. "यात एआय आहे का?"

प्रश्नाला पार्श्वभूमी आहे. बारामतीच्या उसाच्या एआयचं कौतुक २०२५च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेलांनी केलं, आणि त्याच वर्षी जूनमध्ये राज्य सरकारनं शेतीतल्या एआयसाठी पाचशे कोटींचं धोरण मंजूर केलं. तेव्हापासून ज्या यंत्रात एआय नाही ते यंत्र अंगठेबहाद्दर समजलं जातं.

मी खरं बोललो. "नाही साहेब, टायमर आहे."

"म्हणजे कधी चालू व्हायचं ते स्वतः ठरवतं?"

"हो, तसं ठरवतं."

"मग एआयच की!" साहेब सगळ्यांकडं वळून म्हणाले. "बघा, आपल्या नागापूरच्या पोरानं एआय केलंय." मी पंचावन्न वर्षांचा आहे. पण 'पोरगा' म्हटल्यावर आणि वर एआय केल्यावर दुरुस्ती कोण सांगणार?

साहेब पुढं गेले, पीए मागं राहिले. पीए मागं राहणं हे शुभलक्षण आहे. त्यांनी यंत्राचा डबा हातात घेऊन फिरवून पाहिला आणि विचारलं, "यावर साहेबांचा फोटो कुठं बसेल?" डब्याचं झाकण सात इंच बाय पाच. त्यावर वरच्या बाजूला मध्यभागी दोन दिवे, खाली एक बटण. आम्ही कागदावर फोटो धरून पाहिला. मोठा केला तर बटण हनुवटीवर येत होतं, आणि वरचे दिवे बरोबर कपाळावर.

"हे दिवे कशाचे?" पीएंनी विचारलं.

"लाइट असली की हिरवा, नसली की लाल."

म्हणजे शेतात वीज गेली की साहेबांच्या कपाळावर लाल दिवा लागणार. हे सांगताना माझी जीभ जड झाली. पण पीएंचा चेहरा उजळला. "लाल दिवा? अहो, मग हलवू नका. छान दिसेल." मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे २०१७च्या मेमध्ये निघाले, पण इच्छा निघालेली नाही हे मला तेव्हा कळलं. जिथं वीज कमी तिथं दिवा जास्त वेळ लागेल, एवढाच हिशोब मी मनातल्या मनात केला आणि गप्प बसलो.

पायरी ८ : 'काहीतरी'

यानंतर कोणीतरी येतो आणि म्हणतो, "शिबिराला तुमच्याकडून काहीतरी व्हायला पाहिजे." घाबरू नका. 'काहीतरी'चा कायदा माहीत असला की नकारसुद्धा नम्रपणे देता येतो.

तुमची कंपनी असेल आणि तिला तीन आर्थिक वर्षं पूर्ण झाली नसतील, तर कंपनी कायद्याच्या कलम १८२नुसार तिला राजकीय पक्षाला देणगी देताच येत नाही. स्टार्टअपला सरकारनं दिलेल्या सवलतींत ही सगळ्यात उपयोगी, पण हिची जाहिरात कोणी करत नाही. वर्षं भरली असतील तरी संचालक मंडळाचा ठराव लागतो आणि पैसे बँकेतूनच जातात. पक्षाच्या स्मरणिकेत दिलेली जाहिरात ही कायद्याच्या दृष्टीनं देणगीच. 'शुभेच्छुक' लिहून सुटका होत नाही. पक्षालाही दोन हजारांवर रोख देणगी घेतली तर करसवलत धोक्यात येते, आणि वीस हजारांवरच्या देणगीदाराचं नाव निवडणूक आयोगाला कळवावं लागतं. नाव न सांगता देण्याची जी रोख्यांची वाट होती, ती सर्वोच्च न्यायालयानं १५ फेब्रुवारी २०२४ रोजी बंद केली.

हे सगळं मी त्या गृहस्थांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "कंपनी प्रायव्हेट लिमिटेड का प्रोप्रायटरी?" मी म्हणालो, प्रोप्रायटरी. "मग तुम्हाला कलम १८२ लागत नाही," ते म्हणाले. कायदा वाचणारे आपणच असतो, हा नवशिक्याचा आवडता गैरसमज. शेवटी पाण्याच्या दोनशे बाटल्यांवर मिटलं. त्यावर लेबल साहेबांचं होतं.

पायरी ९ : निवेदन

निवेदन हा या साऱ्या उद्योगाचा आत्मा. आत्म्याप्रमाणंच ते दिसत नाही, सापडत नाही आणि मरतही नाही. एका पानाचं असावं. विषय ठळक. 'महोदय' दोनदा. मागणी एकच.

ही एक मागणी कोणती, इथं माझी पंचाईत झाली होती. आदल्या रात्री मी दोन निवेदनं लिहिली. पहिलं शेतकऱ्याचा मुलगा म्हणून: शेतीला दिवसा पूर्ण दाबानं वीज द्यावी. यात नवीन काहीच नाही. २०१७ साली आपल्याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीत सौर कृषी वाहिनी योजनेची मुहूर्तमेढ झाली ती याच विचारानं, की शेतीचे फीडर सूर्यावर चालवायचे आणि शेतकऱ्याची रात्रपाळी संपवायची. काही शिवारांत संपलीही.

दुसरं निवेदन कारखानदार म्हणून: मोबाइल स्टार्टरला पन्नास टक्के अनुदान द्यावं.

दोन्ही वाचून पाहिली आणि लक्षात आलं, की पहिलं मंजूर झालं तर दुसऱ्याची गरज नाही. दिवसा वीज आली की रात्री उठणारा शेतकरी नाही, रात्री उठणारा नाही तर आमचं गिऱ्हाईक नाही. आमचा गाळा ज्या अंधारावर चालतो, तो अंधार जावा अशी मागणी मी स्वतःच्या लेटरहेडवर करणार होतो. आणि साहेबांच्या बाजूनं पाहिलं तर? गावाला दिवसा वीज देणं खर्चाचं आणि वेळखाऊ. डब्यावर फोटो लावून अनुदान देणं स्वस्त, आणि वर लाल दिवा. अडचण मिटवण्यापेक्षा अडचणीवर बसवायचं यंत्र वाटणं दोघांनाही परवडतं. तंत्रज्ञान आणि राजकारण यांची हातमिळवणी म्हणतात ती इथं होते, आणि ती होताना फोटोही चांगला येतो.

मी पहिलं निवेदन घडी करून खिशात ठेवलं आणि दुसरं दिलं. पीएंनी ते घेतलं, त्यावर तारीख टाकली आणि फाइलवाल्याकडं दिलं. फाइलवाल्यानं ते इतर निवेदनांत ठेवलं. तो गठ्ठा उशीला पुरेल एवढा होता. "आम्ही सकारात्मक आहोत," पीए म्हणाले. शब्दार्थ पाचव्या पायरीत पाहावा.

पायरी १० : आवराआवर

संध्याकाळी समारोपाचं भाषण सुरू झालं की स्टॉलकडं कोणी फिरकत नाही. मी बल्ब काढत होतो तेव्हा शेवगावकडचे एक तात्या आले. पक्षाच्या गाडीनं आलेले, गळ्यात उपरणं, पायांत धुळीनं माखलेल्या वहाणा. पाच मिनिटं त्यांनी डबा उलटापालटा करून पाहिला. मग विचारलं, "सगळ्यांनी बसवलं तर डीपी जळंल ना?"

दिवसभरात यंत्राबद्दलचा हा पहिला प्रश्न. पाठ केलेलं ते वाक्य मी अखेर बोललो: पाळीपाळीनं उठवतं, तात्या, एकदम नाही. त्यांनी मान हलवली. मग दुसरा प्रश्न.

"आन् लाइट दिवसा आली, तर मग याचं काय करायचं?"

मंडपातून त्याच वेळी आवाज येत होता, की येत्या काळात प्रत्येक शेतकऱ्याला दिवसा वीज. टाळ्या पडत होत्या. मी खरं ते सांगितलं, "मग काही उपयोग नाही, तात्या."

तात्यांनी एकदा मंडपाकडं पाहिलं, एकदा डब्याकडं. बंडीच्या आतल्या खिशातून पैसे काढत म्हणाले, "मग द्या एक."

त्यांनी पावती मागितली. पावतीपुस्तक नागापूरला गाळ्यातच राहिलं होतं. खिशात हात घातला तर घडी केलेला कागद लागला, ते पहिलं निवेदन. त्याच्या कोऱ्या बाजूवर यंत्राचा नंबर, रक्कम आणि तारीख लिहून सही करून दिली. तात्यांनी ती वाचली, कागद उलटा केला, मागची बाजूही सावकाश वाचली, आणि नीट घडी करून पैशांच्या जागी आत ठेवली.

नवशिक्यांनी शिबिराला जाताना पावतीपुस्तक न विसरता बरोबर ठेवावं.